दुष्काळांतील उपकारस्तुति



आजचा दिवस महोत्सवाचा आहे. आज देवाचे उपकार मानणें कोणासही जड जाणार नाहीं. परंतु मी जो प्रश्न आपणांपुढें ठेवणार आहें, तो सणाच्या दिवसाचा नसून उपासमारीच्या दिवसाचा आहे. चुलींत विस्तव नाहीं, बांधावर गवताची काडी नाहीं, अशा दिवशीं मनुष्यानें देवाचे आभार मानावे काय? आणि मानले, तर तें ढोंग ठरणार नाहीं काय?

हा प्रश्न खर्ड्यास नवा नाहीं. 1795 सालीं मराठे व निजाम यांची लढाई येथें झाली, आणि ह्या गांवाचें नांव इतिहासांत गेलें. पण ह्या भूमीची पुन:पुन्हां होणारी लढाई अवर्षणाशीं आहे. 1972 सालचा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्या वडीलधाऱ्यांस विचारा. विहिरी आटल्या, पिकें करपलीं. शेतकरी बायकामुलांसह सरकारी कामांवर खडी फोडावयास गेले. लाल मिलो आणि सुकडी यांवर दिवस काढावे लागले. अशा घरीं जाऊन 'आनंदी राहा' असा कोरडा उपदेश करणें हा निर्दयपणाच होय.

मग संत पौल थेस्सलनीकाकरांस सर्व स्थितींत उपकारस्तुति करावयास कां सांगतो? दुष्काळाबद्दल देवाचे आभार माना, असा त्याचा अर्थ नव्हे. दुष्काळांतही देवाचे उपकार विसरूं नका, असा आहे. पौल हें गादीवर लोळत बोलला नाहीं. फिलिप्पै येथें फटके खाऊन, पाय खोड्यांत अडकलेले असतां, तो व सीला मध्यरात्रीं स्तोत्रें गात होते. त्यांच्या पाठीवरचे वळ खरे होते आणि त्यांचें गाणेंही खरें होतें. हबक्कूक संदेष्टाही अंजिरास फूल नाहीं, शेतांत पीक नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, हें आधीं स्पष्ट सांगतो, आणि मग परमेश्वराच्या ठायीं हर्ष करण्याचा निश्चय करतो. ख्रिस्ती आनंद हा मनाचा लहरी उल्हास नव्हे. तो निश्चय आहे.

ज्या रात्रीं प्रभु येशूस धरून दिलें, त्याच रात्रीं त्यानें भाकर घेऊन पित्याचे आभार मानले. त्याच रात्रीं गेथशेमानेंत तो अतिशय खिन्नही झाला. म्हणून अश्रु आणि आभार एकाच हृदयांत राहूं शकतात. 'यूखरिस्त' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुति. पवित्र मिस्सामध्यें आपण त्याच रात्रीच्या उपकारस्तुतींत सहभागी होतों.

परंतु आभार मानून प्रभु तेथेंच थांबला नाहीं. त्यानें भाकर मोडली आणि वांटली. जी कृतज्ञता हात हालवीत नाहीं, ती अपुरी होय. स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरु फादर हर्मन बाकर 1948 सालीं भारतांत आले, आणि आपल्याच जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीं झटले. पाणलोटाच्या कामासाठीं 1993 सालीं 'वॉटर' ही संस्था त्यांच्या पुढाकारानें उभी राहिली. ते 2021 सालीं प्रभूकडे गेले. ह्या कामाचें तत्त्व साधें आहे: न आलेल्या पावसासाठीं कपाळ बडवीत न बसतां, जो आला तो चर खणून, बांध घालून, झाडें लावून शिवारांतच अडवावा. बंधूंनो, कृतज्ञता याहून वेगळी काय आहे? मिळालेली कृपा वाहून जाऊं न देणें, हीच कृतज्ञता.

म्हणून माझी विनंति एवढीच. सायंकाळीं घरांत जपमाळ म्हणण्यापूर्वीं प्रत्येकानें त्या दिवसाचा एक तरी उपकार मोठ्यानें सांगावा, लेंकरांनींही सांगावा. ज्याला त्या दिवशीं एकही आठवत नसेल, त्याला कोणी दोष देऊं नये; त्याच्या शेजारीं बसावें, आणि आपल्या भाकरींतली अर्धी त्यास द्यावी. कदाचित् त्या दिवसाचा त्याचा उपकार तीच भाकर असेल.

दयाळु परमेश्वर आपणां सर्वांस असें हृदय देवो. आमेन.