सुगीची मूठ



सुगी हा शब्द शहरातल्या मुलांना आता बहुधा पाठ्यपुस्तकातच भेटतो. आमच्या माणदेशात सुगी म्हणजे माघ-फाल्गुनातले दिवस. शाळू काढून झालेला असतो, खळ्यावर कणसांचा ढीग पडलेला असतो आणि सूप हातात घेऊन माणसं वाऱ्याची वाट बघत असतात. या दिवसांत गावाची भाषाच बदलते. एरवी पैशाच्या वायद्यावर बोलणारी माणसं पायली, अधोली, शेर यांच्या हिशेबात बोलू लागतात. या सुगीचं आणि शाळेचं एक जुनं नातं आहे. त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

माझे आजोबा गावचे मुलाणी. बकरं हलाल करायचं आणि पिराच्या दर्ग्यात दिवाबत्ती करायची, हे त्यांचं काम. आमची स्वतःची जमीन नव्हती, पण सुगीत घरात ज्वारी यायची. ते खळ्यावर गेले की त्यांचा वाटा बाजूला काढलेला असायचा. तो बलुत्याचा वाटा होता. वर्षभर केलेल्या कामाचा तो हक्क होता, त्यामुळे आजोबा मान वर करून पोतं खांद्यावर घ्यायचे. मात्र त्याच खळ्यावर काही माणसांना लांब उभं राहावं लागे आणि वरून टाकलेलं धान्य पदरात झेलावं लागे. काम त्यांनीही वर्षभर केलेलं असे. धान्य एकाच राशीतलं, पण देण्याच्या रीती दोन. माणसाची किंमत या रीतीवरून ठरत होती.

इस्लाममध्ये शेतीच्या उत्पन्नावर ‘उश्र’ सांगितला आहे. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा आणि पाणी पाजून, खर्च करून पिकवलेल्याचा विसावा हिस्सा गरिबांना द्यायचा. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे, हा पिकातला गरिबाचा हक्क मानलेला आहे आणि तो कापणीच्या दिवशीच चुकता करावा, अशी शिकवण आहे. आधी कणगी भरू, मग उरलं तर बघू, असं नाही.

हक्काच्या या धान्याला शाळेची वाट दाखवली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका छताखाली राहायची आणि एका पंगतीला जेवायची. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. एवढ्या मुलांना खायला काय घालायचं, हा प्रश्न रोजचाच होता. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट साताऱ्यात घरोघर ठाऊक आहे. पण त्या चुलीमागे आणखी कितीतरी अनाम बायका होत्या. कुणी मूठभर धान्य काढून ठेवलं, कुणी सुगीत राशीतून दिलं. ज्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, त्यानं दुसऱ्याच्या पोराच्या अक्षरासाठी ज्वारी दिली. आणि मुलंही आयती बसून खात नव्हती, शेतात राबत होती. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचं ब्रीद त्या चुलीपाशीच खरं झालं.

मी प्राथमिक शाळेत असताना आमचे गुरुजी सुगीत तालुक्याच्या वसतिगृहासाठी धान्य जमवायचे. त्यांची पद्धत साधी होती. शाळू निघाला की शेतकऱ्याला विचारून एका शनिवारी सगळा वर्ग त्याच्या रानात न्यायचा आणि सरवा वेचायचा. कापणीत गळून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. एरवी सरवा वेचणं हे भूमिहीनाच्या बायकापोरांचं काम. पण त्या दिवशी पाटलाचा मुलगा, माझ्यासारखा मुलाण्याचा मुलगा आणि मांगवाड्यातला मुलगा एकाच काकरीतून वाकून चालायचे. दुपारी सगळी कणसं एका घोंगडीवर पडायची. बडवून, पाखडून झाली की कुणाची ज्वारी कुठली, हे सांगणं कुणालाच शक्य नसायचं. मग गूळ-शेंगा वाटल्या जायच्या आणि गाणी व्हायची. आमचा सुगीचा सण तो एवढाच.

पुढे हायस्कूलला गेलो. त्या शाळेतही धान्य जमवायचे, पण तिथे वही होती. प्रार्थनेनंतर नावं वाचली जायची. अमुक एक पायली, तमुक दोन पायली. पहिल्या नावांना टाळ्या आणि शेवटच्या नावांपुढे ‘निरंक’. वर्गातला एक मित्र त्या आठवड्यात शाळेलाच आला नाही. त्याची आई दुसऱ्यांच्या खळ्यावर रोजानं जायची. ज्या रासा तिनं पाखडल्या होत्या, त्यांतलीच ज्वारी दुसऱ्यांच्या नावावर वाचली जात होती.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये शिक्षिका आहे. तिकडच्या शाळांत सप्टेंबर-ऑक्टोबरात सुगीचा सण होतो. कॉर्नवॉल परगण्यातल्या मॉरवेनस्टो गावचे धर्मगुरू रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली चर्चमध्ये सुगीची आभारप्रार्थना ठेवली आणि तिथून आजच्या प्रथेला चालना मिळाली. पूर्वी मुलं भाज्या-फळं आणायची. आता बहुतेक जण डबाबंद कडधान्यं, पास्त्याची पाकिटं आणतात आणि ती एकट्या वृद्धांना किंवा फूड बँकेला जातात. पुतणी म्हणाली, ‘चाचा, डबा आणणाऱ्यांत एखादं मूल असंही असतं, ज्याच्या घरी फूड बँकेतून तोच डबा परत जाऊ शकतो.’ म्हणून ती दाराशी एक खोकं ठेवते. कुणी काय टाकलं, ती बघत नाही.

आपल्याकडे शाळेतल्या जेवणाचा पाया आता सरकारी आहे, आणि तो तसाच असायला हवा. १९९५ साली योजना सुरू झाली, तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न मिळू लागलं. त्याच्या जोडीला लोकांनी स्वेच्छेनं शाळेत जेवण द्यावं, अशी ‘तिथी भोजन’ नावाची सोय आहे. महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात. नाव फार चांगलं आहे. पण मागे दात्याच्या नावाचा फलक, पुढे ताट धरून ओळीत उभी केलेली मुलं आणि समोर फोटो काढणारा मोबाईल असला, तर त्यात स्नेह किती आणि भोजन किती?

श्रोतेहो, शाळेत धान्य जरूर द्या. सुगीत द्या, घरचं द्या, मुलांच्या हातून द्या. फक्त सगळ्यांची ज्वारी एका घोंगडीवर ओता आणि वही मिटून ठेवा. त्यातली भाकरी ज्या पोराच्या ताटात जाईल, त्याला ती मान वर करून खाता आली पाहिजे.