अपग्रेड की फुल? दुकानातल्या ऑफिसचं काय करायचं

आजचा प्रश्न आलाय घाटनांदूरहून. आपल्या एका श्रोत्याचं तिथं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मराठी-इंग्रजी टायपिंग, असं सगळं. कॉम्प्युटर जुना, विंडोज १०, त्यात ऑफिस २०१६. तो विचारतो, "दादा, एक जण म्हणतो थोडक्या पैशात अपग्रेड मारून देतो. दुसरा म्हणतो फुल व्हर्जनच घे. कुणाचं ऐकू?"

तर आधी एक गोष्ट. ऑफिसचं 'अपग्रेड व्हर्जन' नावाची वस्तू आता मिळतच नाही. ऑफिस २००३, २००७ च्या काळात खरंच दोन वेगळे डबे यायचे. एक फुल, महाग. दुसरा अपग्रेडचा, स्वस्त, पण तो चालायला आधीचं अस्सल ऑफिस लागायचं. ऑफिस २०१० पासून मायक्रोसॉफ्टनं ही सवलत बंद केली. तेव्हापासून तुमच्याकडं जुनं असो-नसो, नव्याचे पैसे पूर्ण.

मग हा 'अपग्रेड मारून देतो' म्हणणारा काय देणार? एकतर कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधली प्रॉडक्ट की, जी कधीही बंद पडू शकते. नाहीतर क्रॅक. क्रॅक टाकताना पहिलं काम काय, तर अँटिव्हायरस बंद करा! आणि त्याच कॉम्प्युटरवर काय असतं? लोकांचे आधार, बँकेची पासबुकं, सातबारा, पीकविम्याचे अर्ज. चार पैसे वाचवायला गावाची कागदपत्रं उघड्यावर टाकायची का? माझं मत स्पष्ट आहे, त्याला नाही म्हणून सांग.

आता, बदलायची गरज तरी आहे का? आहे. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. म्हणजे वर्ड उघडायचं थांबणार नाही, फाइलीही कुठं जाणार नाहीत. पण सुरक्षेतली नवी भोकं बुजवली जाणार नाहीत. घरी एकट्यासाठी पत्र टाइप करणाऱ्याचं एक वेळ चालेल. दिवसभर दुसऱ्यांचे पेनड्राइव्ह लावणाऱ्याचं कसं चालेल?

गंमत म्हणजे विंडोजमध्ये मात्र खरं अपग्रेड अजून आहे. अस्सल विंडोज १० वरून ११ वर फुकट जाता येतं, फक्त मशीन त्या लायकीचं पाहिजे: टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, चालणारा प्रोसेसर. म्हणून आधी मशीन तपासा. मशीनच बदलावं लागणार असेल, तर ऑफिसचे पैसे आज घालू नका. नव्या लॅपटॉपबरोबर कधी कधी ऑफिस येतंच. ते ठरावीक मुदतीत चालू करून घ्यायचं असतं, लोक विसरतात.

एकरकमी घ्यायचं तर ऑफिस २०२४ घ्या. २०२१ स्वस्तात दाखवतील, पण त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. २०२४ चा ऑक्टोबर २०२९ पर्यंत. हे एकाच कॉम्प्युटरवर चालतं आणि पुढचं व्हर्जन आलं की परत पूर्ण पैसे. त्यातही नाव बघा. दुकानासाठी 'होम अँड बिझनेस', नुसतं 'होम' हे घरगुती वापरासाठी आहे.

दुसरा रस्ता वर्षाच्या भाड्याचा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५. यात नवं व्हर्जन आपोआप येतं. पण इथंही पर्सनल आणि फॅमिली घरासाठी, दुकानाला बिझनेसचा प्लॅन. भाडं थकलं की काही दिवसांनी फाइल बघता येते, छापता येते, दुरुस्त करता येत नाही. ऐन फॉर्मच्या गर्दीत हे झालं तर? हिशोब सोपा आहे. एकरकमी किमतीला वर्षाच्या भाड्यानं भागा. उत्तर २०२९ पर्यंत उरलेल्या वर्षांपेक्षा कमी आलं, तर एकरकमी परवडतं.

आणि तिसरा रस्ता, जो मी टायपिंगच्या दुकानाला सगळ्यात आधी सांगीन: लिब्रेऑफिस. फुकट, धंद्यात वापरायलाही मोकळं, वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतं. कधी कधी टेबल सरकतं, समास हलतो, हे खरं. म्हणून तुमच्या रोजच्या पाच-सहा फाइली त्यात उघडून, छापून बघा. जमलं तर पैसे कशाला घालायचे?

मराठीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर नव्या मशीनवर अक्षरांच्या जागी कचरा दिसेल. तो दोष ऑफिसच्या व्हर्जनचा नाही, फॉन्ट नसल्याचा आहे. कुठलंही महाग व्हर्जन त्यावर उपाय नाही. फॉन्ट आधी जपून ठेवा, आणि नवीन काम युनिकोडमध्येच करा.

शेवटचं, विकत घेतलंच तर ऑफिस चालू करताना ईमेल स्वतःचा टाका. बसवून देणारा घाईत स्वतःचा टाकतो, मग लायसन्स त्याच्या खात्याला चिकटतं. उद्या हार्ड डिस्क गेली की पुन्हा त्याचेच पाय धरायला लातूरची गाडी पकडावी लागेल.

तुमच्या दुकानात काय चालू आहे, व्हॉइस नोट पाठवून कळवा. भेटू पुढच्या भागात.