पोत्यावरचं नाव कुणाचं?



सभेच्या अध्यक्षाने आधी विषयाची थोरवी गावी, अशी प्रथा आहे. ती मी आज बाजूला ठेवतो. सरकारी भरडाईचा तांदूळ बिननावाने स्वस्त धान्य दुकानात जातो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खुल्या बाजारात आपण भात गिरणीमालक आणि व्यापारी जो माल स्वतःच्या छापाने विकतो, त्या छापाच्या नोंदणीचे कागद आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात आहेत? हात वर करायला सांगत नाही. उगाच अवघड होईल.

खरं तर मार्का जपणं या मातीला नवं नाही. भंडारा-गोंदियाची बिडी देशभर गेली ती लेबलावर. ज्याला अक्षर येत नव्हतं तो चित्र आणि रंग पाहून बंडल मागायचा. भारतात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदाच आला १९४० साली. त्याआधी व्यापारी आपल्या चिन्हाचं घोषणापत्र दस्त म्हणून नोंदवत आणि ‘आमच्या छापाची नक्कल करणाऱ्यास ताकीद’ अशी नोटीस वर्तमानपत्रात देत. नोंदणीची सोय नसतानाही कागद करून ठेवणारी ती माणसं होती. सोय हाताशी असूनही न करणारे आपण.

आपलीही एक बाजू आहे, ती मांडली नाही तर अन्याय होईल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पाकीटबंद तांदळावर पाच टक्के कर लागला तो फक्त नोंदणीकृत ब्रँडवर. म्हणजे ज्याने नाव नोंदवलं त्याला दंड, ज्याने नाही नोंदवलं त्याला सूट! देशभर तांदूळवाल्यांनी नोंदण्या मागे घ्यायला सुरुवात केली. सरकारने सप्टेंबरमध्ये फट बुजवली: १५ मे २०१७ रोजी ज्याची नोंदणी होती तो नंतर रद्द केली तरी नोंदणीकृतच धरला जाईल. आणि बिननोंदणीच्या ब्रँडला सूट हवी असेल, तर या नावावरचा हक्क आम्ही सोडला आहे, असं पोत्यावर छापावं लागे. स्वतःच्या नावावर स्वतःच पाणी सोडल्याची जाहीर कबुली! १८ जुलै २०२२ पासून हा भेद संपला. आता पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर कर आहे, ब्रँड नोंदलेला असो वा नसो. त्यावर बाजाराने सव्वीस किलोची पोती काढली, तो वेगळा विनोद. पण नोंदणीची भीती मात्र तशीच राहून गेली. तिला आता काही आधार नाही.

खर्च म्हणाल, तर व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये. तांदूळ तिसाव्या वर्गात. कोंडा पशुखाद्य म्हणून विकत असाल तर तो एकतिसाव्यात, त्याचे पैसे वेगळे. अर्ज मान्य झाला की तो व्यापारचिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, चार महिने हरकतींची मुदत, मग दहा वर्षांचं संरक्षण आणि पुढे नूतनीकरण. प्रमाणपत्र हाती येण्याआधी वर्तुळातला ‘आर’ छापू नका, तो गुन्हा आहे. आपल्याकडे आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा मानतात, म्हणून जुनी बिलं आणि छापखान्याच्या पावत्या रद्दीत घालू नका.

नाव कोणतं घ्यावं, इथे आपण सगळ्यात जास्त घसरतो. देवाचं नाव, ग्रंथाचं नाव, ‘उत्तम’, ‘शुद्ध’, ‘गावरान’. ‘रामायण’ या शब्दावर कुणा एकाची मक्तेदारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्ती-अत्तराच्या प्रकरणात सांगितलं. मालाचं वर्णन करणाऱ्या शब्दाचंही तेच. आणि ‘चिन्नोर’ या तांदळाच्या वाणाचं नाव? बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही. ते नाव त्या-त्या भागातल्या शेतकऱ्यांचं सामायिक आहे. गिरणीमालकाने त्यावर आपला शिक्का मारायचा नाही. व्यापारचिन्हांचा आणि भौगोलिक मानांकनाचा हे दोन कायदे लागोपाठचे, १९९९ चा सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा. आपला गोंदिया जिल्हाही त्याच वर्षीचा. तेव्हा वाणाचं नाव वाणाला राहू द्या. स्वतःसाठी असा शब्द शोधा, ज्याचा तांदळाशी काडीचाही संबंध नाही. विचित्र वाटेल, पण टिकतो तोच.

आता परदेश. भारतातली नोंदणी सीमेवर थांबते. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद प्रोटोकॉल या करारात भारत जुलै २०१३ पासून आहे. इथल्या अर्जाच्या आधारे एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. संयुक्त अरब अमिराती २०२१ च्या अखेरीस त्यात आली. बेनिनसह मुख्यतः पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या सतरा देशांचं सामायिक नोंदणी कार्यालयही त्यात आहे, आणि तो भाग आपल्या देशाच्या बिगरबासमती तांदळाची मोठी बाजारपेठ. मात्र पहिली पाच वर्षं बाहेरची नोंदणी इथल्या अर्जावर उभी असते. इथला पाया ढासळला की तिकडचं सगळं कोसळतं. नेपाळ आणि बांगलादेश या करारात नाहीत, तिथे स्थानिक वकिलामार्फत वेगळा अर्ज करावा लागतो.

बऱ्याच देशांत आधी अर्ज करणाऱ्याचीच बाजू वरचढ ठरते. आपल्या छापासाठी तो अर्ज अनेकदा अनोळखी चोर करत नाही, आपलाच आयातदार करतो. ‘नोंदणीचं मी बघतो, शेठ’ असं तो म्हणाला, तर त्याला चहा पाजा, दुवा द्या. पण अर्जदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहिल्याशिवाय माल गोंदियाच्या रेल्वे धक्क्यावरून हलवू नका.