शिध्याचे दावे

दुष्काळातली गुरांची छावणी तुम्ही पाहिली असेल. चारा मिळतो, पाणी मिळते. पण जनावर दाव्याला बांधलेले असते. निर्वासितांच्या छावणीत असे दावे डोळ्यांना दिसत नाही. पण ते असू शकते. त्याची एक खरी हकीगत आज आम्ही सांगतो.

१९४७ साली फाळणी झाली. पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. तिथून लाखो लोक कैक वर्षे इकडच्या बंगालात येत राहिले. सरकारने छावण्या उघडल्या, शिधा व थोडी रोख मदत दिली. हे काम चांगलेच होते. एवढ्या माणसांची नोंद, दवापाणी, साफसफाई ठेवायची, म्हणजे सरकारचा अंमल हवाच.

पुढे १९५८ साली दंडकारण्य योजना निघाली. दंडकारण्य म्हणजे रामाच्या वनवासाचे अरण्य, आजच्या ओडिशा-छत्तीसगडकडचे. तिकडे जा, नाहीतर मदत बंद, असे छावणीतल्या लोकांना सांगण्यात आले. ही माणसे बहुतेक शेतकरी नि कोळी, नद्यांच्या गाळात वाढलेली. तिथली जमीन खडकाळ. पण पोर उपाशी असताना बाप 'नाही' कसा म्हणणार, तुम्हीच सांगा!

१९७८ साली हजारो लोक तिथून निघून बंगालात परतले. सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर त्यांनी आपल्या कष्टाने झोपड्या बांधल्या, शाळा काढली, दवाखाना काढला. सरकार म्हणाले, हे राखीव जंगल आहे, उठा. जंगल राखावे, हे आम्हालाही मान्य. पण रीत बघा. जानेवारी १९७९ मध्ये जमावबंदी लागली. पोलिसांच्या लाँचांनी बेटाला वेढा घातला. धान्य अडवले, औषध अडवले, पिण्याचे पाणीसुद्धा अडवले. भोवती पाणीच पाणी, पण खारट!

मामला कलकत्त्याच्या हायकोर्टात गेला. अन्न, पाणी, औषध अडवू नका, असा हुकूम कोर्टाने दिला. राज्यघटनेचे २१वे कलम जगण्याचा हक्क देते. तो प्रत्येक माणसाला आहे. परदेशातून आलेल्या निर्वासितालाही आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली चकमा लोकांच्या खटल्यात स्पष्ट केले.

मरीचझांपीचे लोक मात्र टिकले नाहीत. मे १९७९ मध्ये पोलिसांनी बेट रिकामे केले, झोपड्या जाळल्या. मेले किती, यावर आजही एकमत नाही. उरलेल्या पुष्कळांना पुन्हा दंडकारण्यात धाडले.

पूर्व बंगालची काही कुटुंबे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडेही वसवली आहेत. कधी त्या बाजूला गेलात, तर त्यांच्यातल्या म्हाताऱ्यामाणसांना छावणीचे दिवस विचारा.