उजेडाला दिशा देणारा अंधार



कलेत, जगण्यात आणि ख्रिस्ती श्रद्धेत उजेड-अंधारासारख्या विरोधाचे मोल काय, हा आजचा विषय. त्यासाठी मी एका चित्राचा आधार घेणार आहे.

रोममध्ये सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचे चर्च आहे. तिथल्या एका लहान चॅपेलच्या डाव्या भिंतीवर चित्रकार काराव्हाज्जोने १५९९-१६०० मध्ये रंगवलेले संत मत्तयाच्या पाचारणाचे चित्र आहे. शुभवर्तमानात हा प्रसंग एका वचनात आटोपतो. जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू आपल्यामागे यायला सांगतो आणि तो उठून निघतो.

चित्र सुमारे ३.४ मीटर रुंद आहे. वरचा जवळपास निम्मा भाग नुसती काळसर भिंत. खाली मेजाभोवती पाच माणसे पैशांपाशी जमली आहेत, अंगावर चित्रकाराच्याच काळातले रोमन कपडे. उजवीकडून येशू आणि त्याचा शिष्य पेत्र अनवाणी आत आले आहेत. भिंतीत खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो येशूच्या डोक्यावरून तिरपा येतो आणि मेजावरच्या माणसांपर्यंत पोहोचतो. येशूचा स्वतःचा देह बराचसा सावलीत आहे. उजेडात आहे तो त्याचा चेहरा आणि पुढे केलेला हात. एक तरुण मात्र मान खाली घालून नाण्यांतच गुंतला आहे.

काराव्हाज्जो कॅनव्हासला आधी गडद अस्तर देई आणि त्यातून आकृत्या उजळत नेई. इथली भिंत पांढरी असती तर हा उजेड कुठून आला आणि कुणासाठी आला, हे आपल्याला कळलेच नसते. अंधाराने त्याला दिशा दिली.

जगण्याकडे वळताना मात्र जपून बोलले पाहिजे. दुःखामुळे सुखाची किंमत कळते, असे कुणी स्वतःच्या अनुभवातून म्हणाले तर ते आदराने ऐकावे. तेच वाक्य मूल गमावलेल्या आईला ऐकवणे हा क्रूरपणा आहे. खुद्द काराव्हाज्जोच्या आयुष्यातल्या अंधाराबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्याने १६०६ मध्ये एका माणसाचा जीव घेतला आणि तो रोममधून पळाला. त्याची चित्रे थोर आहेत म्हणून तो गुन्हा हलका होत नाही.

उजेडाने अंधार पुसला जात नाही, हे ख्रिस्ती श्रद्धेला ठाऊक आहे. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. ईस्टरचा जागरणविधी रात्र पडल्यावरच सुरू करायचा, असा नियम आहे. वसईत असो, गोव्यात असो की रोममध्ये, चर्चमधले दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून साऱ्यांच्या मेणबत्त्या उजळतात. त्या मोठ्या मेणबत्तीत धुपाचे पाच खडे खोचतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून. पुनरुत्थित येशूही थोमा या शिष्याला आपल्या जखमाच दाखवतो. ईस्टरने शुक्रवार पुसला जात नाही. शेवटचा शब्द तेवढा त्याचा उरत नाही.

म्हणून विरोधाचे मोल मानणाऱ्याने दुसऱ्याच्या अंधाराचे समर्थन करू नये. चित्रातला येशू मत्तयाच्या अंधाऱ्या खोलीबद्दल काही समजावत बसलेला नाही. तो आत आला आहे. श्रद्धावंताने करायचे काम तेच आहे.