रस्ता करून देणारा फौजी

आज बोलूया मेजर रामा राघोबा राणे यांच्याबद्दल. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. आता सॅपर म्हणजे काय? तर फौजेतला बांधकामवाला. पूल बांधा, सुरुंग काढा, रस्ता करा.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले होते. वाट डोंगरातली, जागोजागी सुरुंग पेरलेले आणि पाइनची झाडं आडवी टाकलेली. ८ तारखेला सुरुंग काढायला घेतले आणि उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणेंचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः. तेव्हा त्यांचं वय २९, म्हणजे आपल्याच पिढीएवढं!

जखम तशीच घेऊन ते कामाला भिडले. एका टप्प्यावर तर रणगाड्याखाली शिरून त्याच्याच वेगाने सरपटत पुढे गेले. थांब की चल, ते ड्रायव्हरला दोरी ओढून सांगायचे. झाड आडवं असेल तर स्फोटकांनी उडवायचं, रस्ता फोडलेला असेल तर शेजारून नवा काढायचा. ११ तारखेला सकाळी ६ पासून रात्री ११ पर्यंत, सलग सतरा तास. १२ तारखेला सैन्य राजौरीत पोचलं. राणेंना परमवीर चक्र मिळालं.

ही झाली चार दिवसांची गोष्ट. आपण थांबतो तिथेच. पण माणूस त्यानंतर ४६ वर्षं जगला! १९५५ मध्ये लग्न, मग मुलंबाळं, बदल्या. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती, १९९४ मध्ये पुण्यात निधन. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला त्यांचं काम जास्त भिडतं. रस्ता नीट झाला की रणगाडे पुढे निघून जातात, आणि रस्ता करणारा मागे राहतो. घर चालवणाऱ्या माणसाचंही तसंच असतं, नाही का?

तुमच्या सोसायटीच्या गेटवर एखादे माजी सैनिक काका असतील. ‘किती शत्रू मारले?’ असं नका विचारू. ‘काका, फौजेत काम काय करायचात?’ एवढंच विचारा. आणि उत्तर ऐकायला वेळ काढून जा.

भेटू पुढच्या भागात!