सूची हरवते, ग्रंथ उरतात
(शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदूरच्या तुकोगंज भागात रवींद्रनाथ टागोर मार्गावर अक्षरांशी नाते असलेल्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत. पहिली जागा श्री मध्यभारत हिंदी साहित्य समितीची. १९१० साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९२७ मध्ये 'वीणा' हे मासिक सुरू केले. दुसरी जागा म्हणजे सिल्व्हर मॉलमधील संगणकांची दुकाने. एका जागी लिहिलेले जपून ठेवले जाते. दुसऱ्या जागी लिहिलेले हरवून बसलेली माणसे आशेने येतात. हातात हार्ड डिस्क असते आणि तक्रार बहुधा एकच असते : "डिस्क चुकून फॉरमॅट झाली. काही फाइली परत मिळाल्या, पण सगळ्या मिळाल्या नाहीत. ज्या मिळाल्या त्यांतल्या पुष्कळशा उघडत नाहीत."

बृहन्महाराष्ट्रातील संस्थांना आणि कुटुंबांना ही तक्रार किरकोळ समजून चालणार नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या घरांतील आठवणी, मंडळांची इतिवृत्ते, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, ग्रंथालयांच्या याद्या यांची छापील आवृत्ती सहसा निघत नाही. पुष्कळदा जगात त्यांची एकच प्रत असते आणि गेल्या तीन दशकांत ती एक प्रत कागदावरून संगणकात गेली आहे. म्हणून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरील मजकूर अपुरा का परत येतो आणि तो अधिक पूर्ण यावा म्हणून काय करता येते, हे ग्रंथालयाच्या सभासदानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

हा विषय ग्रंथालयाच्या भाषेत सहज सांगता येतो. एखाद्या ग्रंथालयातील सूचीपत्रांचे सगळे खण कोणी रिकामे केले, पण कपाटांतील पुस्तकांना हात लावला नाही, तर काय होईल? पुस्तके जागेवरच असतील. मात्र कोणते पुस्तक कोठे आहे, हे सांगणारे काही उरणार नाही. नवा ग्रंथपाल कपाटे रिकामी समजून नवी पुस्तके जुन्यांच्या जागी ठेवू लागेल. साध्या हार्ड डिस्कवरील जलद फॉरमॅट नेमके हेच करते. ते सूची पुसते, मजकूर पुसत नाही. परत मिळण्याची आशा यामुळेच असते, आणि परत मिळालेले अपुरे असण्याचे मूळही यातच आहे.

डिस्कवरील मजकूर लहान लहान कप्प्यांत ठेवलेला असतो. सध्याच्या विंडोज संगणकावर असा एक कप्पा सामान्यतः ४०९६ बाइटांचा असतो. मोठी फाइल अनेक कप्पे व्यापते आणि ते कप्पे शेजारी शेजारीच असतील असे नाही. जुन्या 'फॅट' पद्धतीत फाइलचे नाव, लांबी आणि पहिला कप्पा एका ठिकाणी नोंदवतात, तर त्यापुढचा कप्पा कोणता ही साखळी दुसऱ्या तक्त्यात असते. फॉरमॅट केल्यावर तो तक्ता आणि मुख्य यादी दोन्ही कोरी होतात. आतल्या फोल्डरांच्या याद्या बहुधा वाचतात. त्यामुळे फाइलचे नाव आणि आरंभ सापडतो, परंतु पुढची वाट सापडत नाही. मग पुनःप्राप्तीचा प्रोग्राम पुढचे कप्पे सलग आहेत असे गृहीत धरतो. फाइल सलग असेल तर ती पूर्ण मिळते. नसेल तर नाव बरोबर, लांबी बरोबर आणि आत मात्र दुसऱ्याच फाइलींचे तुकडे, असा प्रकार होतो.

'एनटीएफएस' या नंतरच्या पद्धतीत परिस्थिती थोडी बरी आहे. तेथे प्रत्येक फाइलच्या नोंदीतच तिचे नाव, तारखा आणि तिच्या तुकड्यांचे पत्ते एकत्र असतात. ती नोंद शाबूत सापडली तर विखुरलेली फाइलही जोडता येते. पण नवे फॉरमॅट आपली नवी सूची लिहिते, तेव्हा तिच्याखाली आलेल्या जुन्या नोंदी जातात. आणि फॉरमॅटनंतर कोणी त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज बसवले असेल, तर जुन्या नोंदींबरोबर मजकूरही मोठ्या प्रमाणात झाकला जातो.

नोंदच मिळाली नाही, तर तिसरा मार्ग उरतो. अनेक प्रकारच्या फाइलींच्या आरंभी ठरावीक खूण असते. जेपीईजी छायाचित्राची एक, पीडीएफची दुसरी. मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक जसे पहिल्या पानावरून ओळखावे, तसे काही प्रोग्राम या खुणा शोधत सगळी डिस्क चाळतात. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'फोटोरेक' हा विनामूल्य प्रोग्राम असाच आहे. या मार्गाने मजकूर मिळतो, पण नाव व फोल्डर मिळत नाहीत. हजारो फाइली नुसत्या क्रमांकांनी समोर येतात. त्या पाहून पुष्कळांना काम बिघडले असे वाटते. वस्तुतः या मार्गाची मर्यादाच ती आहे.

येथे एक विपरीत गोष्ट लक्षात घ्यावी. एकदाच काढून ठेवलेले छायाचित्र किंवा एका बैठकीत स्कॅन केलेले पान बहुधा सलग लिहिले जाते, म्हणून ते सहसा पूर्ण परत येते. उलट ग्रंथांची नोंदयादी, सभासदांची वर्गणी, देवघेवीचा हिशेब या फाइलींत रोज थोडी भर पडते, आणि दर वेळी मिळेल त्या मोकळ्या कप्प्यात ती जाते. म्हणून संस्थेची सर्वांत अधिक वापरातली फाइल सर्वांत अधिक तुकड्यांत विखुरलेली असते. जिच्यावाचून काम अडते, तीच परत मिळणे सर्वांत कठीण.

सलगपणाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान पृथ्वीकडे परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. त्या यानात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची मोजमापे हार्ड डिस्कवर साठवलेली होती. अनेक महिन्यांनी ती डिस्क अवशेषांत जळालेल्या अवस्थेत मिळाली. तज्ज्ञांनी तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर वाचला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. यश मिळण्याचे एक कारण असे, की डिस्क निम्मीच भरली होती आणि डॉस प्रणालीने मजकूर विखुरला नव्हता. आकाशातून पडलेली डिस्क जवळजवळ पूर्ण वाचली जाते आणि टेबलावर सुखरूप असलेली डिस्क अपुरी वाचली जाते, याचा उलगडा यात आहे.

काही वेळा मात्र आशा न धरणेच बरे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, पूर्ण फॉरमॅट केल्यास साऱ्या कप्प्यांत शून्ये लिहिली जातात. तेथे सूचीबरोबर ग्रंथही गेले. फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर चालणाऱ्या एसएसडी प्रकारात जलद फॉरमॅटही घातक ठरते. कारण 'ट्रिम' नावाच्या आज्ञेने संगणक त्या डिस्कला सर्व जागा मोकळी झाल्याचे कळवतो आणि ती स्वतःहून जुना मजकूर नाहीसा करते. परत आलेल्या फाइली योग्य लांबीच्या, पण आतून निव्वळ शून्यांच्या असतील, तर प्रोग्राम बदलून उपयोग होत नाही.

आता उपायांचा क्रम. चूक लक्षात येताच त्या डिस्कवर एक अक्षरही नवे लिहू नये. पुनःप्राप्तीचा प्रोग्रामसुद्धा तिच्यावर बसवू नये आणि परत मिळालेल्या फाइली तिच्यावरच साठवू नयेत. अपुऱ्या पुनःप्राप्तीच्या कितीतरी प्रकरणांत उरलेले नुकसान याच घाईने झालेले असते. त्यानंतर दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पहिलीची कप्प्यागणिक संपूर्ण नक्कल घ्यावी आणि सारे प्रयोग नकलेवर करावेत. डिस्क अडखळत वाचत असेल, तर 'डीडीरेस्क्यू'सारखा प्रोग्राम वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, कठीण भागाकडे शेवटी वळतो आणि काय वाचले, काय राहिले, याची टिपणी ठेवतो. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर ती तात्काळ बंद करून जाणकाराकडे द्यावी. नक्कल हाती आल्यावर आधी जुन्या नोंदींवरून शोध घ्यावा, म्हणजे नावे व फोल्डर मिळतात. त्यातून जे राहील त्यासाठी खुणांवरून शोधावे. दोन्ही फळे वेगवेगळी ठेवावीत आणि मग ताडून पाहावीत.

मराठी मजकुराची एक अडचण मात्र निराळी आहे. १९९०च्या दशकात आणि नंतरही कित्येक वर्षे आपल्याकडील लेखन श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत झाले. त्या फाइलींत खरोखर साठवलेली चिन्हे रोमन अक्षरांच्या जागची असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉरमॅटबरोबर फॉन्टही गेला, की पूर्णपणे परत मिळालेली फाइल निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते आणि खराब समजून टाकून दिली जाते. फाइल टाकण्यापूर्वी ती कोणत्या फॉन्टात लिहिली होती हे आठवावे, तो फॉन्ट बसवावा, आणि वाचता आल्यावर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि 'ऱ्या'सारखी अक्षरे डोळ्यांनी तपासावीत. युनिकोडमधील साध्या मजकुराला एक सोय आहे : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी तोच असतो. त्यामुळे नाव हरवलेल्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यातूनही मराठी लेखन यंत्राला वेगळे काढता येते.

ताडून पाहण्याचे हे काम मराठी माणसाला नवे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत नकला होताना तिच्यात चुका शिरल्या, पाठभेद वाढले, परके शब्द मिसळले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली भर घालू नये, असे बजावले. परत मिळालेल्या फाइलीत दुसऱ्या फाइलीचा तुकडा येणे हा यंत्राने केलेला प्रक्षेपच होय. तो ओळखण्यासाठी दुसरी प्रत हवी, आणि दुसरी प्रत नसेल तर त्या विषयाचा जाणता वाचक हवा. किती हजार फाइली मिळाल्या या आकड्यात समाधान मानणे फसवे आहे. प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडावी, शेवटच्या पानापर्यंत पाहावी, आणि यादी असेल तर जुन्या दाखल नोंदवहीतील क्रमांकांशी जुळवावी.

जुनी नोंदवही अडगळ समजून रद्दीत देण्याचा मोह होतो, म्हणून अमेरिकेतील अलास्का राज्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. २००६ साली तेथील महसूल खात्यात एका तंत्रज्ञाच्या हातून नागरिकांच्या अर्जांची डिस्क फॉरमॅट झाली. तिच्या जोडीची राखीव डिस्कही त्याच हाताने फॉरमॅट झाली. तिसरा आधार चुंबकीय फितींचा होता, पण त्या वाचता येईनात. सुमारे आठ लाख स्कॅन केलेल्या प्रतिमा गेल्या. खाते सावरले ते सुमारे तीनशे खोक्यांत पडून असलेल्या मूळ कागदांमुळे. ते कागद कर्मचाऱ्यांनी कित्येक आठवडे खपून पुन्हा स्कॅन केले. जादा खर्च दोन लाख डॉलरांच्या वर गेला. यातून दोन धडे मिळतात. राखीव प्रत एकाच हाताच्या आवाक्यात, एकाच खोलीत नसावी. आणि जी प्रत कधी उघडून वाचून पाहिली नाही, तिला प्रत म्हणू नये.

सर्व प्रयत्नांनंतरही काही उणीव राहतेच. ती झाकावी की दाखवावी, हा शेवटचा प्रश्न. इंदूरकरांना राजवाड्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९८४ च्या दंगलीत त्याचा आतला भाग जळाला; सात मजली दर्शनी भाग उभा राहिला; पुढे मागचा भाग जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला गेला. पाहणाऱ्याला आनंद होतो, आणि व्हावाच. परंतु जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, हे सांगणारा कोणी असावा लागतो. परत मिळालेल्या दप्तराचेही तसेच आहे. जे मिळाले ते मिळाले म्हणून, जे स्मरणाने पुन्हा लिहिले ते तसे सांगून, आणि जे गेले त्याची जागा कोरी ठेवून, अशी प्रत पुढच्या पिढीला द्यावी. अपुरी पण प्रामाणिक प्रत उपयोगी पडते; पूर्ण भासणारी चुकीची प्रत अभ्यासकाला वर्षानुवर्षे भलत्या वाटेने नेते.

शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाने शताब्दीच्या वर्षी एवढे केले तरी पुष्कळ होईल : आपल्या सूचीची एक प्रत संगणकात, एक दुसऱ्या इमारतीत आणि एक कागदावर ठेवावी, वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहाव्यात, आणि सभासदांनाही आपापल्या घरच्या लेखनाबाबत तसेच सांगावे. सूची हरवली तरी ग्रंथ उरतात हे खरे. पण ते उरले आहेत हे कळण्यासाठी कोणाजवळ तरी सूची असावी लागते.